ग्लॅडिसचं काचघर: शंभरापैकी सत्त्याण्णव

ग्लॅडिस काचघरातून निसटली. मे महिन्याच्या अकरा तारखेला, रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी निसटली आणि पुन्हा आत गेली नाही.

ही घटना घडलेली नाही. सरीसृप निवास कार्यालयाच्या नोंदीनुसार ग्लॅडिस अकरा मे रोजी आत होती, बारा मे रोजी आत होती आणि त्यानंतरही सलग आतच आहे. तिची प्रकृती 'उत्तम', स्वभाव 'शांत' आणि झाडाझुडपांशी वर्तन 'आदर्श' आहे. तेव्हा वरचा परिच्छेद आपण वाचलेला नाही असं समजून वाचकांनी पुढे जावं. कार्यालयही तसंच गेलं.

रॉस टिपेट हा यारबिंडी गावातला फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. यारबिंडी पठारावर आहे. जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, नळातलं पाणी गोठतं, पण घर गरम करणं हे गावात मनाच्या दुबळेपणाचं लक्षण समजलं जातं. थंडी वाजते म्हटलं की समोरचा माणूस 'मग जर्सी घाल' म्हणतो आणि विषय संपतो. अशा गावात रॉस दिवसभर लोकांच्या वस्तू गार करायचा आणि घरी येऊन एकच गोष्ट गरम ठेवायचा. ती म्हणजे ग्लॅडिस.

ग्लॅडिस ही कार्पेट पायथन जातीची मादी अजगर. वय चार वर्षं, लांबी दीड मीटरच्या वर, अंगावर जुन्या सतरंजीसारखी नक्षी. ती एका प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात राहायची. डब्याच्या दोन्ही बाजूंना कड्या होत्या, बाजूंना भोकं होती आणि एका टोकाखालून उबेची वायर गेली होती. ते टोक बत्तीस अंश, दुसरं सव्वीस. गरम वाटलं की ती इकडे सरकायची, गार वाटलं की तिकडे. दर दुसऱ्या शनिवारी ती एक उंदीर खायची. उंदीर दुकानातला, गोठवलेला. रॉस तो कोमट पाण्यात ठेवून जागेवर आणायचा. वर्षातून चार-पाच वेळा ती कात टाकायची, अख्खी, एका तुकड्यात. रॉसच्या स्वतःच्या खोलीत नऊ अंश असायचे, पण त्याबद्दल कोणी कधी विचारलं नाही, आणि त्यानेही जर्सी घातली.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत यारबिंडी आणि परिसर सरीसृप मंडळाची सभा भरायची. प्रत्येकाने घरून ताटलीभर पदार्थ करून आणायचा, शेवटी मांसाच्या तबकाची सोडत काढायची, आणि मधल्या वेळात भांडायचं, असा तिचा कार्यक्रम होता. मंडळाचे सभासद एकोणीस आणि पंथ दोन. डबापंथींचं म्हणणं, सापाला अंधार, ऊब आणि एकांत एवढंच हवं. काचपंथींचं म्हणणं, सापाला खडक, नेचे, वेली, सकाळ, संध्याकाळ आणि शक्य असेल तर हलकंसं धुकं हवं. साप कोणाच्याच सभेला यायचे नाहीत.

मार्चच्या सभेत मंडळाच्या अध्यक्ष नोलीन हॅरॉप रॉसशेजारी येऊन बसल्या. लग्नाच्या पंगतीत एखादी बाई ज्या स्वरात 'अजून भाड्यानंच राहता का?' विचारते, त्या स्वरात त्या म्हणाल्या, "रॉस, तू तिला अजून डब्यातच ठेवतोस?"

"हो. खाते, झोपते, कात टाकते."

"खाणं म्हणजे जगणं नव्हे, बाबा. तिला क्षितिज आहे का?"

"नोलीन, तिला पापण्यासुद्धा नाहीत."

"हा विनोदाचा विषय नाही."

पलीकडे बसलेला मर्व्ह डेसी मध्ये पडला. मर्व्ह हा डबापंथाचा सर्वांत जुना माणूस. त्याच्या गॅरेजमध्ये चाळीस डबे होते, खणांत ओळीने लावलेले. "डब्यात काय वाईट आहे गं? अंधार आहे, ऊब आहे, कोणी येऊन डोकावत नाही. मला कोणी तसा डबा दिला तर मी आज राहायला जातो."

"तुझ्या बायकोनं तो कधीच दिला असता, मर्व्ह. तुझ्या मापाचं झाकण मिळालं नाही म्हणून राहिलं."

सगळे हसले. मर्व्हची बायको जरा जास्त वेळ हसली. मग नोलीनने पिशवीतून एक जाडजूड पुस्तिका काढली आणि टेबलावर ठेवली. सरीसृप निवासगुणवत्ता संहिता, पृष्ठं चौऱ्याऐंशी. हसणं थांबलं.

संहितेनुसार यापुढे प्रत्येक परवानाधारकाच्या सापाचं घर तपासलं जाणार होतं. एकूण गुण शंभर. दर्शनीयता वीस, वनस्पती वीस, खडकांचा नैसर्गिकपणा पंधरा, गरम आणि थंड टोक पंधरा, हवा दहा, लपण्याची सोय दहा, आणि 'निवासाचं एकूण व्यक्तिमत्त्व' दहा. प्लॅस्टिकच्या डब्याला दर्शनीयता शून्य, वनस्पती शून्य, खडक शून्य. व्यक्तिमत्त्वाबाबत टीप होती की प्रश्नच उद्भवत नाही. साठाच्या खाली गुण पडले की परवाना रद्द आणि साप सरकारच्या ताब्यात. साप हा शब्द पुस्तिकेत फारसा सापडत नव्हता. पान तीनवर एक व्याख्या मात्र होती. 'निवासी: निवासात असलेला, असू शकणारा किंवा असावा अशी अपेक्षा असलेला प्राणी.'

"ताब्यात घेतलेले साप सरकार ठेवतं कशात?" मर्व्हने विचारलं.

नोलीनने पानं चाळली. शेवटच्या पानावर उत्तर होतं.

"डब्यात," त्या म्हणाल्या. "पण ते सरकारी डबे आहेत."

रॉसला त्या दिवशी सोडतीत मांसाचं तबक लागलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. ग्लॅडिस आपल्याकडून जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. घरी येऊन त्याने बैठकीच्या खोलीचं माप घेतलं.

पाच आठवडे त्याने रात्रंदिवस काम केलं. दोन मीटरचं काचघर उभं राहिलं. फेस फुगवून आणि त्यावर सिमेंट फासून त्याने खडक केला. तो इतका खरा दिसायचा की शेजारची मांजर त्यावर चढायला गेली आणि काचेवर नाक आपटून परतली. आत नेचे लावले, वेली सोडल्या, सकाळी उजळणारा आणि संध्याकाळी मावळणारा दिवा लावला. दर्शनीयतेचे चार गुण जादा मिळतात म्हणून धुक्याचं यंत्र घेतलं आणि त्याची नळी आत जायला मागच्या फळीला भोक पाडलं. घाण खाऊन टाकायला मातीत चारशे बारीक किडे सोडले. मग ग्लॅडिसला उचलून त्या स्वर्गात ठेवलं.

ग्लॅडिस एका कोपऱ्यात गेली, खडकाला तोंड लावून वेटोळं घालून बसली आणि तिने खाणं सोडलं.

पहिला शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. रॉस चिमट्यात उंदीर धरून तिच्यापुढे हलवायचा. ती मान फिरवायची. खायलाच काही पडत नसल्यामुळे चारशे किड्यांचीही उपासमार सुरू झाली, आणि रॉस त्यांना माशांचं खाद्य टाकू लागला. त्या घरात आता फक्त सफाई कर्मचारी जेवत होते.

"अरे, ती उघड्यावर आहे," मर्व्ह फोनवर म्हणाला. "तिन्ही बाजूंनी काच, वर दिवा. तुला दुकानाच्या काचेमागे बसवून जेव म्हटलं तर जेवशील का? तिचा जुना डबा दे आत ठेवून."

रॉसने डबा आत ठेवला, झाकणाला वाटेपुरतं भोक पाडून. ग्लॅडिस तीन मिनिटांत त्यात शिरली. त्या दुपारी तिने उंदीर खाल्ला. रॉस काचघरासमोर जमिनीवर बसला आणि मोठ्याने म्हणाला, "शाब्बास, पोरी." घरात दुसरं कोणी नसल्यामुळे कोणी जर्सी घाल म्हटलं नाही.

एप्रिलअखेरीस तपासनीस आल्या. ॲनेट व्हिटबी नाव; अतिशय सभ्य बाई, हातात माप घेणारा लाल किरण. त्यांनी काचघराची लांबी मोजली, नेच्यांची पानं मोजली, खडकावर बोटाने टकटक केलं. मग त्या थांबल्या.

"मिस्टर टिपेट, आत हे काय आहे?"

"डबा. तिची लपायची जागा."

"म्हणजे निवासाच्या आत निवास."

"तिला तिथे बरं वाटतं."

"बरं वाटण्याचा रकाना नाही." त्यांनी खरोखर शोधून पाहिलं, नव्हता. "बघा, मुख्य निवासाच्या आत कडी लागणारं, स्वतंत्र छत असलेलं दुसरं निवास म्हणजे हे, लोक मागच्या अंगणात आजीसाठी वेगळं बांधतात तसं, आजीचं घर झालं. ते आमच्या अखत्यारीत येत नाही. त्याला नगरपरिषदेची परवानगी लागते. नकाशा, सांडपाण्याची जोडणी आणि एक गाडी उभी करण्याची जागा."

"सापाला गाडी?"

"गाडी आहे की नाही हा पुढचा प्रश्न. जागा लागते."

रॉसने खरंच नगरपरिषदेत फोन केला. तिथल्या माणसाने आस्थेने सगळं ऐकून घेतलं आणि राहणारीचं वय विचारलं. चार वर्षं ऐकल्यावर तो म्हणाला की मग आजीच्या घराचा अर्ज नाही घेता येणार, पाळणाघराचा चालेल.

व्हिटबीबाईंनी तीन आठवड्यांची मुदत दिली. डबा काढा, नाहीतर गुण अठ्ठावन्न. रॉसने डबा काढला. ग्लॅडिस पुन्हा कोपऱ्यात बसली, पुन्हा खाणं बंद. आणि अकरा मेच्या रविवारी, रॉस चॉप्स भाजत असताना, ती धुक्याच्या नळीशेजारच्या भोकातून जे घडलेलं नाही ते करून गेली.

तीन दिवस तो शोधत होता. पलंगाखाली, बुटांत, छताच्या पोकळीत, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात चहा करताना त्याला फ्रिजचा आवाज वेगळा वाटला. बावीस वर्षं फ्रिज ऐकलेला कान तो. त्याने वाकून मागे पाहिलं. कॉम्प्रेसरवर, धुळीत, अंधारात, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या वीतभर जागेत ग्लॅडिस अंग घट्ट वळवून बसली होती. शेजारी नवी कात पडली होती, अख्खी, एका तुकड्यात. रॉसने तापमान मोजलं. कॉम्प्रेसरजवळ बत्तीस, भिंतीजवळ सव्वीस.

त्याने चिमट्यात उंदीर धरला. तिने तो अशा वेगाने घेतला की चिमटाही गेला.

आता हिला उचलून काचघरात टाकलं तर ती जेवणार नाही, आणि डब्यात ठेवलं तर परवाना जाणार. तपासणी गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी तिला उचलून आत ठेवायचं, गुरुवारी दुपारी परत आणायचं, असं रॉसने ठरवलं. व्हिटबीबाई बुधवारी सकाळीच आल्या.

काचघर मोकळं होतं. त्यामुळे ते अप्रतिम दिसत होतं. एकही पान मोडलेलं नव्हतं, एकही वेल ओढली गेली नव्हती, काचेवर एकही डाग नव्हता, मातीत काही पडलेलं नव्हतं. धुकं नेच्यांमधून हळूहळू वाहत होतं. बाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"निवासी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, देवळात विचारावं तसं.

"आत्ता... दिसत नाहीये," रॉस म्हणाला. हे त्या दिवसातलं सर्वांत खरं वाक्य होतं.

बाईंनी लिहिलं: 'निवासी नैसर्गिकरीत्या लपलेला. लपण्याची सोय: दहापैकी दहा.'

एकूण गुण सत्त्याण्णव. मालक अस्वस्थ वाटल्यामुळे तीन कापले. आजवर कार्यालयाच्या इतिहासात कोणत्याही सापाला एवढे गुण मिळाले नव्हते. ज्या घरांत साप होते त्यांची सरासरी एकसष्ट होती.

यानंतरच्या गोष्टी आपोआप घडत गेल्या. मंडळाने रॉसला पहिल्या क्रमांकाची निळी फीत दिली. कार्यालयाने काचघराला 'आदर्श निवास' जाहीर केलं आणि आदर्श निवास दर शनिवारी जनतेला खुलं ठेवावं लागतं, हे संहितेच्या पान सत्तरवर होतंच. दाराशी वही ठेवण्यात आली. तिच्यात तीन रकाने होते. नाव, गाव, आणि 'निवासी दिसला काय?'

पहिल्या शनिवारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मागे रांग वाढत असल्याचंही पाहिलं, आणि लिहिलं: 'होय. शेपटी.' त्यांच्या मागच्या बाईंनी ते वाचलं आणि शेपटीखेरीज जीभही पाहिली. तिसऱ्या माणसाला डोकं दिसलं. दुपारपर्यंत ग्लॅडिस दोन वेळा जांभई देऊन गेली होती. शेजारच्या गावाहून आलेल्या एका आजोबांशी तिची नजरानजर झाली आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ एकटे उभे राहिले.

नोलीन चाळीस मिनिटं काचेपुढे होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"बघ, रॉस. समाधान आलंय रे तिच्या चेहऱ्यावर."

"कुठे?"

"त्या नेच्याच्या मागे. तुझी असून तुलाच दिसत नाही? डब्याची सवय झालेली नजर तुझी, दुसरं काय."

मर्व्हही आला. हात पाठीमागे बांधून, ओठ मुडपून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "शेपूट दिसतंय. पटत नाही मला हे सगळं, पण जे आहे ते आहे." त्या संध्याकाळी त्याने आपले चाळीस डबे विकायला काढले.

जूनअखेर वहीत तीनशे बारा नावं झाली. तिसऱ्या रकान्यात तीनशे बारा वेळा 'होय'.

इकडे स्वयंपाकघरात वेगळीच अडचण होती. थंडी वाढली तसा फ्रिज कमी वेळ चालू लागला, कारण स्वयंपाकघरच फ्रिजइतकं गार होतं. कॉम्प्रेसर थांबला की ग्लॅडिसची ऊब थांबायची. म्हणून रॉस फ्रिजचं दार उघडं ठेवू लागला, म्हणजे तो बिचारा चालतच राहील. त्यामुळे दूध नासू लागलं. मग दुधासाठी त्याने दुसरा फ्रिज व्हरांड्यात ठेवला. घरी आलेला प्लंबर म्हणाला, "रॉस, तुझा फ्रिज उघडाय." "माहितीय," रॉस म्हणाला. "तुझाच धंदा आहे ना रे हा?" प्लंबरने विचारलं आणि तो जरा लांबून निघून गेला.

पण तो फ्रिज चौतीस वर्षांचा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॉम्प्रेसर खडखडू लागला. दुसऱ्या कोणाला तो आवाज नुसता आवाज वाटला असता. रॉसला त्यात तारीख ऐकू आली. जास्तीत जास्त महिना. मग ग्लॅडिस गार पडणार. तिला उबेची वायर आणि चार भिंती हव्यात, म्हणजे डबा हवा, म्हणजे कायद्याने हवा. त्याने संहिता पुन्हा वाचून काढली. कलम एक्केचाळीस: 'निवासी काचघरात राहत किंवा खात नसल्याचं सिद्ध झाल्यास डब्याची विशेष सूट देता येईल.'

त्याने स्वतः व्हिटबीबाईंना फोन केला आणि सगळं खरं सांगायला बोलावलं. अशी चूक यारबिंडीत आजवर कोणी केली नव्हती.

बाईंनी फ्रिजमागे विजेरी टाकली.

"साप आहे," त्या म्हणाल्या.

"ग्लॅडिस आहे."

"ग्लॅडिस बैठकीच्या खोलीत आहे."

"तिथे कोणी नाहीये हो. मे महिन्यापासून नाहीये."

"मिस्टर टिपेट, तीनशे बारा लोकांच्या सह्या आहेत. मी स्वतः लपण्याचे दहा गुण दिलेत. म्हणजे ती तिथे आहे. म्हणजे हा दुसरा साप. याचा परवाना दाखवा."

"हीच ती! परवान्यावरच्या फोटोशी नक्षी जुळवून बघा ना."

बाईंनी परवाना उघडून त्याच्यासमोर धरला. फोटो काचघराचा होता. "नव्या संहितेपासून फोटो निवासाचा असतो," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "निवासी काय, बदलतात."

रॉस खुर्चीवर बसला. फ्रिज खडखडला.

"आता दोनच शक्यता आहेत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर सहानुभूती होती. "एक तर हा तुमचा विनापरवाना साप आहे. मग मी त्याला आज घेऊन जाते. किंवा हा रानटी साप आहे, आपणहून घरात आला. मग तो कोणाचाच नाही. तुम्ही त्याला हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, फ्रिज हलवायचा नाही. अठ्ठावीस दिवसांनी परवानाधारक सर्पमित्र येईल आणि त्याला रानात सोडेल."

"ऑगस्टमध्ये? बाहेर बर्फाचा थर असतो सकाळी! ती डब्यात जन्मलीय हो."

"रानटी सापांना चालतं."

"ती रानटी नाही."

"मग विनापरवाना." त्यांनी पेन उघडलं.

"रानटी," रॉस म्हणाला, भर बाजारात स्वतःच्या मुलीला ओळख न दाखवणाऱ्या बापाच्या आवाजात.

दारापर्यंत गेल्यावर बाई वळल्या. "एक मार्ग आहे. काचघर पाहिलेल्या कोणीही एकाने लेखी द्यावं की आपल्याला आत साप दिसला नाही. एक सही आली की नोंद उघडता येते. मग ही ग्लॅडिस ठरेल, तुम्हाला डबा मिळेल आणि प्रश्न मिटेल."

"मी देतो ना!"

"तुम्हाला न दिसणं हा हितसंबंध झाला."

"मग तुम्ही द्या."

"मला दिसला नसेल तर तपासणीच झाली नाही असं होईल," बाई म्हणाल्या, "आणि ती तर झाली आहे. सत्त्याण्णव गुण आहेत."

रॉस आधी मर्व्हकडे गेला. मर्व्ह गॅरेजमध्ये होता. खण रिकामे होते आणि मध्यभागी तो फेसाचा खडक फुगवत होता.

"मर्व्ह, खरं सांग, त्या दिवशी काय दिसलं तुला?"

"शेपूट."

"ती नेच्याची मुळी होती."

"असेल बाबा. पण मी शेपूट लिहिलंय." त्याने खडकावर सिमेंट फासलं. "आता बदललं तर बाकीचे म्हणतील, मर्व्हला दिसत नाही. पुढच्या महिन्यात माझा गाडीचा परवाना नव्याने व्हायचाय. डोळे तपासतात तिथे. तू दुसरं काही माग, रॉस. मूत्रपिंड माग, देतो."

नोलीनने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि त्या दुखावल्या. "मी तिच्या डोळ्यांत डोळे घातलेत, रॉस. आमच्यात काहीतरी झालं त्या वेळी. तू तेसुद्धा काढून घ्यायला निघालास?"

मग त्याने वही घेतली आणि यादीने एकेकाला गाठायला सुरुवात केली. बँकेतले गृहस्थ म्हणाले की आपण हयातीत खोटी सही केलेली नाही, आणि म्हणून आता ही सही खोटी होती असं लिहून देऊ शकत नाही. शेजारच्या गावच्या आजोबांनाही तो जाऊन भेटला. त्यांनी फक्त ती कशी आहे एवढं विचारलं. तीनशे बारा दारं झाली. सगळ्यांनी त्याला चहा दिला. सही कोणी दिली नाही.

रानटी सापाला खायला घालणं गुन्हा आहे. पण नोंदीतल्या ग्लॅडिसला मात्र दर दुसऱ्या शनिवारी उंदीर द्यावाच लागतो. तो बैठकीच्या खोलीकडे नेताना स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी, रॉसच्या हातून खाली पडतो. दोनदा पडला आहे. त्यावर अजून कलम नाही.

सर्पमित्र यायला आता नऊ दिवस उरले आहेत. कॉम्प्रेसर सकाळी दोनदा थांबला आणि लाथ मारल्यावर सुरू झाला. काल रॉसने जर्सी चढवली, हातमोजे घातले आणि पुढील अर्ज लिहून कार्यालयात, क्लबच्या फळ्यावर आणि जिथे जिथे लोक थांबून वाचतात तिथे तिथे लावला:

'प्रति, सर्व संबंधित.

विषय: न दिसल्याचं प्रमाणपत्र मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

आदर्श निवास क्रमांक एक येथे भेट देऊन ज्यांनी "निवासी दिसला" असा शेरा दिला आहे, त्यांपैकी कोणाही एकाने आपल्याला काहीही दिसलं नव्हतं, फक्त मागची रांग दिसत होती, असं साध्या कागदावर लिहून द्यावं. नाव गुप्त ठेवता येणार नाही, कारण नावच हवं आहे.

वहीतल्या तीनशे बारांतून कोणी न आढळल्यास, जे प्रत्यक्ष आलेले नाहीत परंतु ज्यांनी आयुष्यात कधीतरी, कुठल्याही काचेपुढे, आत काहीही नसताना, शेजारच्याकडे बघून "वा!" म्हटलेलं आहे, त्यांचं पत्रही ग्राह्य धरावं, अशी कार्यालयाला स्वतंत्र विनंती केली आहे. आपण हे वाचत आहात त्याअर्थी आपणास पत्ता ठाऊक आहे. पत्र आपल्या हस्ताक्षरात, आपल्या खऱ्या नावाने, येत्या नऊ दिवसांत पाठवण्याची कृपा करावी.

आपला,
रॉस टिपेट,
रानटी सापाचा शेजारी.'